क्रेनवाल्याची झोप

साइटवर त्याला सगळे ‘वरचे’ म्हणत. नाव हजेरीच्या कागदावर होतं, पण ते कागदावरच राहिलं. एकशे ऐंशी फुटांवर काचेच्या केबिनमध्ये बसून तो टॉवर क्रेन चालवायचा, म्हणून वरचे. आणि खाली उभा राहून वॉकीटॉकीवरून ‘उजवीकडे घ्या, सावकाश सोडा, थांबा’ असं सांगणारा सिग्नलवाला, ते ‘खालचे’. दोघांची जोडी चौदा वर्षांची. कंपन्या बदलल्या, इमारती बदलल्या, पण हे दोघं एकमेकांना सोडून कुठे गेले नाहीत. साइटवर कोणी नवखा माणूस येऊन विचारायचा, “आमचा माल कधी चढणार?” तर सिग्नलवाला गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, “ते वरच्यांच्या हातात आहे.” नवखा बिचारा आभाळाकडे बघून मान डोलवायचा, आणि मागे सुतार मंडळी पोट धरून हसायची.

वरच्यांनी मात्र गेली अकरा वर्षं वेगळ्याच कारणाने पोट धरलं होतं.

छत्तिसाव्या वर्षी त्याच्या मोठ्या आतड्याला सूज आली, जखमा झाल्या, आणि डॉक्टरांनी कोलायटिस असं नाव सांगितलं. हे दुखणं पुरतं जात नाही, दबून राहतं, असंही सांगितलं. तसंच झालं. चार-सहा महिने बरे जायचे, माणूस विसरायला लागायचा, आणि मग एक दिवस पोटात पिळा पडायचा. दिवसाला आठ-दहा वेळा जावं लागायचं. रक्त पडायचं. गोळ्या वाढायच्या, पुन्हा कमी व्हायच्या.

आता क्रेनच्या केबिनमध्ये खुर्ची असते, दोन दांडे असतात, पंखा असतो, पण संडास नसतो. खाली यायचं तर शिडीने आठ मिनिटं, परत चढायला पंधरा. तेवढा वेळ सगळी साइट थांबते. काँक्रीटची गाडी घरघरत उभी राहते, स्लॅबवर माणसं कमरेवर हात ठेवून वर बघत राहतात. एखाद्या दिवशी एकदा चालून जातं. दिवसातून चारदा क्रेनवाला शिडीवर दिसला तर दुसऱ्या दिवशी दुसरा क्रेनवाला दिसतो.

म्हणून त्याने आपल्यापुरता एक बंदोबस्त केला होता. सकाळी उठल्यापासून संध्याकाळी खाली उतरेपर्यंत काही खायचं नाही. पाणीसुद्धा अर्धी बाटली, तीही घोट घोट. रिकाम्या पोटाला मागण्या कमी असतात. डबा तो रोज न्यायचा, कारण बायको रोज द्यायची. पाच वाजता खाली आला की एका कोपऱ्यात बसून अर्धा डबा संपवायचा आणि घरी जाऊन उरलेल्या दिवसाचं सगळं जेवण एका बैठकीत करायचा. केबिनमध्ये खुर्चीच्या मागे एक झाकणाची बादली आणि काळ्या पिशव्या होत्या, अगदीच वेळ आली तर म्हणून. अशा वेळी तो आपलं जॅकेट काचेला लावायचा. हे कोणाला माहीत नाही, असं तो धरून चालला होता.

दिवसभर असं दाबून ठेवलेलं पोट रात्री सगळं वसूल करायचं. पावणेएकला पहिली जाग. मग सव्वादोन. मग तीन, कधी चार. पलंगाची बाहेरची कड त्याची होती, दाराजवळची. अंधारात चपला न घालता जायचं, दिवा लावायचा नाही, टाकीची साखळी ओढायची नाही, बादलीतलं पाणी हळूहळू ओतायचं. बायकोची झोप मोडू नये म्हणून हे सगळं. ती एका पाळणाघरात काम करायची. दिवसभर अठरा पोरं सांभाळायची, म्हणजे तिला झोप हवीच. तो परत येऊन आडवा व्हायचा तेव्हा तिचा श्वास एकसारखा चाललेला असायचा. दुखण्याने आपलं काय वाटेल ते केलं, पण तिला त्रास होऊ दिला नाही, एवढं एक समाधान त्याने जपून ठेवलं होतं.

झोप किती व्हायची? तीन तास, साडेतीन तास, तेही तुकड्यातुकड्याने. सुरुवातीला तो चिडायचा, मग रडकुंडीला यायचा, आणि नंतर नंतर काहीच वाटेनासं झालं. थकवा अंगात मुरला. शिडी चढताना हात आपले नाहीत असं वाटायचं. कोणी विनोद केला तर हसू एका क्षणाने उशिरा यायचं. घरी मुलगी कॉलेजमधलं काही सांगत असली की तो ‘हं, हं’ करायचा, आणि ती मध्येच थांबून म्हणायची, “बाबा, मी आत्ता काय म्हटलं?”

त्या वर्षी दुखण्याने पुन्हा डोकं वर काढलं आणि डॉक्टरांनी स्टेरॉइडच्या गोळ्या लिहून दिल्या. दिवसाला आठ, जेवणानंतर. कधीच्या जेवणानंतर ते त्याने विचारलं नाही. त्याचं खरं जेवण एकच, रात्रीचं. तो त्यानंतर आठही गोळ्या घ्यायचा आणि मग डोळे टक्क उघडे. छातीत धडधड, डोक्यात उगाच हजार विचार. पहाटे चारला कुठे डोळा लागायचा, आणि पाचला घड्याळ वाजायचं.

असे तीन आठवडे गेले. एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, सळयांचा भारा उचलून नवव्या मजल्यावर ठेवायचा होता. सिग्नलवाल्याने सांगितलं, “उचला.” त्याने उचलला. “उजवीकडे.” त्याने दांडा उजवीकडे दाबला. त्यानंतर त्याला आठवतं ते एकदम हेच, की कानात कोणीतरी ओरडतंय.

“वरचे! वरचे! अहो वरचे!”

त्याने समोर बघितलं. भारा हवेत लटकला होता, जरा झुलत होता. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते. हात सुटला की दांडा आपोआप मध्यावर येतो आणि क्रेन थांबते, म्हणून थांबली होती.

“ऐकतोय,” तो म्हणाला. “डोळ्यावर ऊन आलं.”

ऊन पाठीमागे होतं. सिग्नलवाल्याने भारा इंच इंच करत खाली घ्यायला लावला, भाऱ्याला बांधलेले पट्टे सोडवून घेतले, आणि मग नेहमीच्या आवाजात म्हणाला, “वरचे, खाली या. जेवणाची सुट्टी झाली.”

“साडेअकरासुद्धा नाही वाजले.”

“माझं घड्याळ पुढे आहे. या तुम्ही.”

तो उतरला. शिडीवर दोनदा थांबला. सिग्नलवाला त्याला प्लायवुडच्या थप्पीमागे घेऊन गेला. तिथे फळ्यांच्या पडलेल्या तुकड्यांवर दोघं बसले. चारचौघांत आणि वॉकीटॉकीवर ‘अहोजाहो’ चालायचं, पण असे दोघंच असले की चौदा वर्षांचं अरेतुरे बाहेर यायचं.

“किती वेळ झोपला होतास?”

“झोपलो नव्हतो रे.”

“तीनदा हाक मारली मी. तिसऱ्या हाकेला माझ्या पोटात गोळा आला.”

“पोटाचं तेवढं माझ्याकडे राहू दे,” तो म्हणाला. दोघांनाही हसू आलं आणि लगेच गेलं.

सिग्नलवाल्याने हेल्मेट काढून गुडघ्यावर ठेवलं. “बादलीचं मला माहीत आहे,” तो म्हणाला.

वरच्यांनी मान खाली घातली.

“पाच-सहा वर्षं झाली. काचेला जॅकेट लावतोस तू. पाऊस नाही, ऊन नाही, मग जॅकेट कशाला? मी तेवढा वेळ खाली सगळ्यांना सांगतो, पट्ट्याला चीर दिसतेय, तपासतोय, थांबा. आपल्याइतके पट्टे कुठल्या साइटवर तपासत नसतील.”

“मग बोलला का नाहीस कधी?”

“तू बोलला नाहीस म्हणून.”

काँक्रीटची गाडी आत आली, तिच्या आवाजात थोडा वेळ बोलता आलं नाही. ती पलीकडे गेल्यावर सिग्नलवाला म्हणाला, “आज भाऱ्याखाली कोणी नव्हतं. सुतार दोन मिनिटांपूर्वी बिडी ओढायला गेले होते. मी तुझी चुगली करणार नाही. पण उद्यापासून तुला सिग्नलही देणार नाही. हा वॉकीटॉकी टेबलावर ठेवीन आणि घरी जाईन. कारण विचारलं तर सांगेन, माझंच पोट बिघडलं.”

त्याला राग आला. आपल्या माणसाने आपल्याला असं कोंडीत धरावं, याचा राग. पण राग धरायलासुद्धा अंगात त्राण लागतं. तो थोडा वेळ फळीतला खिळा अंगठ्याने दाबत बसला, आणि उठून इंजिनियर बाईंच्या पत्र्याच्या ऑफिसकडे चालायला लागला. सिग्नलवाला दारापर्यंत त्याच्याबरोबर आला आणि बाहेर उभा राहिला.

इंजिनियर बाई तिशीतल्या होत्या, बोलायला कोरड्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आजार किती वर्षं, कुठल्या गोळ्या, आज नेमकं किती सेकंद. मग म्हणाल्या, “हे तुम्ही येऊन सांगितलंत ते बरं केलंत. दुसऱ्या कोणाकडून कळलं असतं तर मी तुम्हाला आजच घरी पाठवलं असतं. हॉस्पिटलचं पत्र आणा. पत्र येईपर्यंत वर जायचं नाही. खाली पट्टे, साखळ्या आणि हुक तपासायचं काम बघा.” दुसऱ्या दिवशी दुसऱ्या साइटवरून एक क्रेनवाला आला. वरचे खाली, आणि वर भलताच कोणी. नव्या माणसाच्या हाताला झटका होता, हुक थांबताना झुलायचा. ते बघून याच्या तळहाताला खाज सुटायची.

घरी त्याने बायकोला एवढंच सांगितलं, “काही दिवस खाली काम आहे, हॉस्पिटलचं पत्र आणायचंय.” ती म्हणाली, “हॉस्पिटलला मीपण येते.” नाही म्हणायला या वेळी त्याच्याकडे कारण नव्हतं.

पोटाच्या विभागात एक वयस्क सिस्टर होत्या. त्यांनी दोन आठवड्यांचा तक्ता दिला. रोज किती वाजता आडवे झालात, किती वेळा उठलात, कधी काय खाल्लंत, गोळ्या कधी घेतल्यात, ते भरून आणायचं. तो घरी रोज सकाळी निगुतीने भरायचा. झोप सात तास. उठलो दोनदा. पुढच्या दिवशी झोप साडेसहा तास, म्हणजे अगदीच खोटं वाटू नये. पत्र याच तक्त्यावर अवलंबून आहे, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

दोन आठवड्यांनी सिस्टरांनी तक्ता वाचला. “बरी झोप आहे की तुमची,” त्या म्हणाल्या. “मग क्रेनवर डोळा कसा लागला?”

तो काही बोलायच्या आत बायकोने पिशवीतून एक वही काढली. पाळणाघरातली, मुलांची चित्रकलेची वही होती ती. मुखपृष्ठावर ससा. आत पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलं होतं. तिने चष्मा लावला आणि वाचायला लागली.

“सोमवार. साडेअकराला आडवे झाले. पावणेएकला उठले. सव्वादोनला उठले. तीनला उठले ते पुन्हा आलेच नाहीत, पाचपर्यंत स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून होते. मंगळवार. बाराला आडवे झाले, कूस बदलत होते, एक वीसला उठले...”

“तू जागी होतीस?” त्याने विचारलं.

“पाणी तुम्ही हळू ओतता, ते खरं आहे,” ती वहीतून डोळे न काढता म्हणाली. “पण बादली खाली ठेवताना कडी वाजते.”

“आणि तुझा श्वास?”

“श्वास काय, लावता येतो. अठरा पोरांना झोपवते मी रोज. खोटं खोटं झोपल्याशिवाय ती झोपतात होय?”

सिस्टर हसल्या, मग हसायच्या थांबल्या. त्यांनी तक्ता आणि वही शेजारी शेजारी ठेवली आणि खाण्याच्या नोंदीवर बोट ठेवलं. तिथे मात्र दोघांचंही सारखंच लिहिलेलं होतं: सकाळी काही नाही, दुपारी काही नाही, संध्याकाळी अर्धा डबा, रात्री नऊला जेवण, मग गोळ्या. त्यांनी विचारलं, असं का? खाली काम असूनही सवय सुटली नव्हती. त्याने शिडीचं सांगितलं, आठ मिनिटं आणि पंधरा मिनिटं, सगळं. बादलीचंसुद्धा सांगितलं. बायको खिडकीबाहेर बघत राहिली.

“अहो, तुम्ही पोटाला कायमची रात्रपाळी लावलीय,” सिस्टर म्हणाल्या. “दिवसभर काम नाही आणि रात्री सगळं एकदम. ते बिचारं झोपेल कसं आणि तुम्हाला झोपू देईल कसं? आणि या गोळ्या सकाळी खाऊन झाल्यावर घ्यायच्या असतात. रात्री घेतल्या तर घुबडासारखं जागं ठेवतात. हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?”

“मी विचारलं नाही,” तो म्हणाला.

मग गोष्टी ठरल्या. सकाळी थोडं, दुपारी थोडं, रात्रीचं जेवण सातच्या आत आणि हलकं. गोळ्या सकाळी. डॉक्टरांनी दर आठ आठवड्यांनी सलाइनमधून द्यायचं एक नवं औषध सुरू केलं. आणि झोप आली नाही तर अंथरुणात तळमळत पडायचं नाही, उठून मंद दिव्यात खुर्चीवर बसायचं, डोळे जड झाले की परत जायचं.

त्याला वाटलं, आता आठवड्याभरात फरक पडेल. पडला नाही. पहिला महिना तर आगीतून फुफाट्यात. सकाळी दहाला दोन बिस्किटं खाल्ली की पळावं लागायचं. पण खाली एक बरं होतं. संडास चाळीस पावलांवर होता. तो जायचा, परत यायचा, साखळी पुन्हा हातात घ्यायचा. कोणाचं काही थांबलेलं नसायचं. कोणी वर बघत नसायचं. पहिल्या काही दिवसांत त्याला याचंच इतकं नवल वाटलं, की तो परत येताना उगाचच हळू चालायचा.

तिसऱ्या महिन्यात पोट निवळलं. दिवसाला दोनदा, रक्त बंद. बायकोने शेजारी सांगितलं, सिग्नलवाल्याने सुतारांना चहा पाजला. आणि तरीही रोज रात्री एक चाळीसला त्याचे डोळे उघडायचे. पोटात काही नाही, कळ नाही, काही नाही. तो नुसता पडून पोटाकडे कान देऊन राहायचा. जरा कुठे गुडगुडलं की अंग ताठ. पोट गाढ झोपलेलं असायचं आणि तो त्याच्या उशाशी राखणीला बसलेला.

पुढच्या खेपेला त्याने सिस्टरांना सांगितलं, “पोट बरं झालं. मी नाही झालो.”

त्यांना नवल वाटलं नाही. “अकरा वर्षं पहारा दिलात. आता चोर गेला म्हणून पहारेकरी लगेच घोरायला लागेल का?” त्यांनी उपाय सांगितला तो ऐकूनच त्याचा जीव घाबरा झाला. झोप येत नाही ना, मग अंथरुणात वेळही कमी घालवायचा. रात्री बारापर्यंत आडवं व्हायचंच नाही. उठायचं मात्र ठरलेल्या वेळी, साडेपाचला, रात्र कशीही गेलेली असो. दुपारी डुलकी फार तर वीस मिनिटं.

बारापर्यंत जागं ठेवायची जबाबदारी मुलीने घेतली. ती जेवणानंतर पत्ते काढायची. साडेनऊपर्यंत तो बरा खेळायचा. दहाला चुकीचं पान टाकायचा. साडेदहाला हातात पत्त्यांचा पंखा तसाच धरून त्याची मान छातीवर यायची.

“बाबा, तुझी पाळी.”

“हं.”

“हं काय? बदाम उतर.”

“बदाम नाही माझ्याकडे.”

“दोन आहेत. मला दिसतायत.”

तो उठून तोंडावर पाणी मारायचा, घरातल्या घरात फेऱ्या घालायचा, दाराची बिजागरी तपासायचा. एकदा तर उभ्या उभ्या कपाटाला टेकून झोपला. मुलगी आधी हसली. “बाबा, तू इतका दमलेला असतोस?” तिने विचारलं. तो म्हणाला, “सवय आहे गं.” पण ती पत्ते आवरत राहिली, वर बघेना.

हळूहळू एक चाळीसचे अडीच झाले. अडीचचे साडेतीन. एका रात्री तो बाराला आडवा झाला आणि घड्याळ वाजलं तेव्हाच उठला. उठून पलंगाच्या कडेला बसला आणि काय करावं ते त्याला सुचेना. मग सर्दी-ताप आला, पोट दहा दिवस पुन्हा बिघडलं, आणि सगळं मुसळ केरात. पुन्हा पत्ते, पुन्हा फेऱ्या, पुन्हा खुर्ची. असं तीन वेळा झालं. दर वेळी त्याला वाटायचं, आता नको, होतं तेच बरं होतं. दर वेळी तरीही तो ते करायचाच, कारण न करायचं ठरवायलाही जोर लागतो.

सात महिन्यांनी डॉक्टरांनी पत्र दिलं. अर्धी पाळी, चार तास, मध्ये बदलीचा माणूस. इंजिनियर बाईंनी ते दोनदा वाचलं आणि सही केली. त्या दिवशी तो शिडी चढताना चार ठिकाणी थांबला. केबिनमध्ये खुर्ची दुसऱ्याच्या पायांच्या मापाने पुढे सरकवलेली होती. ती त्याने मागे घेतली. हात अजून जाग्यावर होता, हुक झुलला नाही. पण घरी जाऊन तो जेवणाच्या ताटावरच पेंगला.

शिडीच्या पायथ्याशी सिग्नलवाल्याने एक नियम घातला होता. चढायच्या आधी रोज तो विचारायचा, “किती?” आणि वरच्यांनी काल रात्रीचे झोपेचे तास सांगायचे. चारच्या खाली असले तर वर जायचं नाही, बदलीचा माणूस जाईल. पहिल्या काही दिवसांत खोटं अगदी जिभेच्या टोकावर यायचं. पाच म्हणायला काय जातं? पण समोरचा माणूस चौदा वर्षं पट्ट्याच्या चिरा शोधत आलेला. एका सकाळी, सलग तीन चांगल्या आठवड्यांनंतर, त्याला सांगावं लागलं, “तीन.” सांगताना मान खाली गेली.

“बरं,” सिग्नलवाला म्हणाला. “साखळ्या कालच्या राहिल्यात, त्या बघून घे. चहा सांगू का?”

एवढंच. दिवस तसाच गेला, बाकीच्या दिवसांसारखा.

पुढच्या तपासणीला बायको पुन्हा बरोबर होती. सिस्टरांनी त्याचा तक्ता बघितला, मान हलवली, आणि कागद बाजूला ठेवता ठेवता सहज तिला विचारलं, “आणि तुम्ही? तुमची झोप कशी आहे?”

“मला काय धाड भरलीय?” ती हसून म्हणाली. “मी ठणठणीत आहे.”

सिस्टर नुसत्या बघत राहिल्या. आणि मग तिचे डोळे भरून आले. आता हे झोपतात, ती म्हणाली, पण मला एक चाळीसला जाग येतेच. हात लावून बघते, जागेवर आहेत ना. मग छाती वर-खाली होतेय ना ते बघते. मग उजाडतं. गेल्या महिन्यात पाळणाघरात पोरांना झोपवता झोपवता ती स्वतःच सतरंजीवर झोपली होती. चार वाजता पाळणाघर चालवणाऱ्या बाईंनी येऊन उठवलं, तेव्हा अठराच्या अठरा पोरं जागी होती, आणि कोणीतरी तिच्या अंगावर आपलं छोटं पांघरूण घातलं होतं. बाई रागावल्या नाहीत, पण म्हणाल्या, पुन्हा असं नको. एखादं पोर दाराबाहेर गेलं असतं तर?

हे त्याला माहीतच नव्हतं. अंधारात अनवाणी, दिवा न लावता, आपण एकट्याने सगळं ओढतोय असं त्याला वाटत आलं होतं, आणि त्याचा थोडासा अभिमानसुद्धा होता. आता तो अभिमान कुठे ठेवावा ते कळेना.

दोन दिवसांनी तो म्हणाला, “तू आठवडाभर बहिणीकडे जा.”

“कशाला?”

“झोपायला.”

“काहीतरीच काय! आणि तुमच्या जेवणाचं?”

“बटाटे उकडता येतात मला.”

“आणि रात्री काही झालं तर?”

“झालं तर होईल. अकरा वर्षं होतंय.”

ती दोन दिवस नाही नाही म्हणत राहिली. शेवटी मुलीने तिची बॅग भरली, पाळणाघरात स्वतः जाऊन सुट्टी सांगितली, आणि शनिवारी संध्याकाळी तिला बसमध्ये बसवून आली. बस सुटेपर्यंत बायको खिडकीतून सांगत होती, गोळ्या कुठल्या डब्यात आहेत ते.

त्या रात्री त्याला झोप लागली नाही. पलंग फार मोठा वाटला. दोनला उठून तो खुर्चीवर बसला, साडेतीनला परत आला, पाचला उठला. रविवार होता, वर चढायचं नव्हतं. दहा वाजता मेहुणीचा फोन आला.

“भावोजी, ताई अजून उठली नाही. काल आठला आडवी झाली ती. मला जरा काळजी वाटली. उठवू का?”

“नको, नको,” तो घाईघाईने म्हणाला. “अजिबात उठवू नकोस.”

दुपारी एकला त्याने स्वतः फोन केला.

“मघाशी उठली होती,” मेहुणी हळू आवाजात म्हणाली. “पाणी प्यायली, मला विचारलं, ते उठले का? मी म्हटलं, अगं, ते इथे नाहीत. ‘हो का’ म्हणाली आणि परत झोपली.”

तो स्वयंपाकघरात आला. मुलगी मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली होती. त्याने दोन बटाटे धुतले, पातेल्यात टाकले, गॅस बारीक केला आणि पाणी उकळेपर्यंत खुर्चीवर बसून राहिला. पापण्या जड झाल्या होत्या. पण वीस मिनिटांपेक्षा जास्त नको, आणि गॅसवर पातेलं, म्हणून त्याने त्या ताणून उघड्या ठेवल्या.

चार वाजता तिचाच फोन आला. आवाज जाडसर, झोपेने भरलेला.

“काय करताय?”

“बसलोय. बटाटे खाल्ले.”

“मीठ घातलंत का?”

“विसरलो.”

“रात्री झोप झाली का?”

“नाही झाली,” तो म्हणाला. “तुझी?”

“माझी अजून चालूच आहे,” ती म्हणाली, आणि तिला जांभई आली, लांबलचक, फोनमधून इकडे ऐकू येईल अशी. “मी जरा पडते परत.”

“पड,” तो म्हणाला. “ठेव फोन. पड तू.”